अन्ननलिकेच्या कॅन्सरची केमो सुरू होतेय? आधी पोटाची सोय करा (नागपुरात उपचार घेणाऱ्यांच्या घरच्यांसाठी)

घरात कुणाला अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, केमो कधी सुरू होणार. माझ्या मते पहिला प्रश्न हा असायला पाहिजे की आज दिवसभरात पेशंटच्या पोटात किती गेलं. कारण या कॅन्सरमध्ये गाठ नेमकी अन्न जायच्या रस्त्यातच असते, आणि केमोचे ठरलेले डोस वेळेवर पूर्ण होणार का नाही हे बऱ्याचदा वजनावर आणि ताकदीवर ठरतं.

माझ्या बाबांची केमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन, दोन्ही नागपुरातच झालं. त्या काळात खाणं, पोटात अन्न द्यायची नळी, औषधं, फाइल सगळं माझ्याकडे होतं. मी डॉक्टर नाही, डोस आणि औषध तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण ओपीडीच्या पाच मिनिटांत जे सांगायचं राहून जातं ते इथे क्रमाने लिहितेय.

१. निदान नीट समजून घ्या

एंडोस्कोपी होते, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत पाहतात, गाठीचा तुकडा काढतात, तो बायोप्सीला जातो, मग सीटी स्कॅन किंवा पेट सीटी होतो. बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय केमो सुरू होत नाही, तेवढे दिवस नातेवाईक कितीही घाई करोत, तुम्ही डगमगू नका. फक्त त्या दिवसांत खाणं सुधारायचं काम सुरू करा, ते चौथ्या मुद्द्यात आहे.

रिपोर्ट आला की डॉक्टरांना हे विचारा आणि तिथेच वहीत लिहून घ्या:

- प्रकार कोणता, स्क्वॅमस की अडेनोकार्सिनोमा? आपल्याकडे स्क्वॅमस जास्त दिसतो, तो सहसा अन्ननलिकेच्या वरच्या किंवा मधल्या भागात असतो आणि तंबाखू, बिडी, दारूशी त्याचा संबंध आहे. अडेनो सहसा खालच्या टोकाला, जठराजवळ असतो, वर्षानुवर्षं ॲसिड वर येत असणाऱ्यांत किंवा वजन खूप असणाऱ्यांत. दोघांची केमो वेगळी असू शकते.
- पसरला आहे का, आणि कुठे?
- ही केमो कशासाठी आहे? ऑपरेशनच्या आधी गाठ लहान करायला, की ऑपरेशन न करता केमो आणि शेक मिळून बरं करायला, की आजार पसरलाय म्हणून त्रास कमी करून आयुष्य वाढवायला? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट मिळेपर्यंत उठू नका, पुढचे सगळे निर्णय यावर आहेत.
- अडेनो पसरलेला असेल तर हर-टू नावाची तपासणी त्याच बायोप्सीच्या तुकड्यावर होते, ती पाठवली का?

अजून एक, पेशंटपासून लपवू नका. आपल्याकडे "त्यांना सांगू नका, खचतील" हे फार चालतं, पण महिनोन्महिने सुया, नळी, शेक सहन करणाऱ्या माणसाला ते कशासाठी चाललंय हे माहीतच नसेल तर तो साथ कशी देणार? बाबांना आम्ही सांगितलं होतं. दोन दिवस बोलले नाहीत, नंतर स्वतःच औषधाच्या वेळा विचारायला लागले.

२. फाइल आणि सामान

एक जाड प्लास्टिकची फाइल घ्या आणि तारखेप्रमाणे लावा, नवीन कागद वर. यात काय पाहिजे:

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड, ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही (झेरॉक्स जास्तच काढून ठेवा, प्रत्येक खिडकीवर मागतात)
- आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते
- एंडोस्कोपीचा रिपोर्ट फोटोसकट
- बायोप्सीचा रिपोर्ट, आणि स्लाइड व ब्लॉक (त्या तुकड्याचे काचेवरचे आणि मेणातले नमुने) कोणत्या लॅबमध्ये आहेत ते लिहिलेला कागद. दुसऱ्या हॉस्पिटलला गेलात तर ते स्लाइड-ब्लॉक पुन्हा तपासायला मागतात
- सीटी, पेटची सीडी, नुसता रिपोर्ट पुरत नाही
- प्रत्येक केमोचा डिस्चार्ज कागद, त्यावर औषधाचं नाव, डोस आणि तारीख आहे का ते निघायच्या आधी पाहा
- बीपी, शुगर, हार्टची चालू औषधं एका कागदावर

घरात हे सामान आधीच आणून ठेवा: डिजिटल थर्मामीटर, वजनकाटा, ५० मिलीची सिरिंज (नळी असेल तर, टोक नळीला बसतं का ते दुकानातच पाहून), मऊ ब्रश, मिक्सर, बारीक चाळणी, सुती कापड, पाठीमागे लावायला जाड उशा. आणि एक वही. तारीख, वजन, ताप, किती खाल्लं, किती वेळा उलटी, संडास झाली का. डॉक्टर विचारतात "कसं आहे?" तेव्हा "ठीक आहे" म्हणण्यापेक्षा वही समोर ठेवलेली शंभरपट कामाची.

३. पैसे आणि योजना

नागपुरात सरकारी म्हटलं तर मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, मिहानमधलं एम्स आहे. ट्रस्टचं म्हटलं तर मानेवाडा रोडवरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. शिवाय खाजगी आहेतच. कुठे जायचं ते तुमच्या घरापासूनचं अंतर, शेक तिथेच होतो का, आणि योजना चालते का या तीन गोष्टींवर ठरवा. शेक सोमवार ते शुक्रवार रोज असतो, पाच-सहा आठवडे, त्यामुळे अंतर ही छोटी गोष्ट नाही. एम्स किंवा जामठ्याला जायचं तर खापरीपर्यंत मेट्रो जाते, पण पुढे ऑटो किंवा गाडी लागतेच, आणि केमो घेतलेल्या माणसाला उन्हात ऑटोची वाट पाहायला लावणं परवडत नाही.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत दोन्ही मिळून चालतात, एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. केमो, रेडिएशन, ऑपरेशन यांची पॅकेजेस त्यात आहेत. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाचा काउंटर असतो, सगळ्यात आधी तिकडे जा, डॉक्टरांच्या रांगेत नंतर लागा. कोणतं हॉस्पिटल सध्या यादीत आहे ते १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करून विचारता येतं.

इथले सापळे:

- आधारवर नाव एक आणि रेशन कार्डावर दुसरं, किंवा पेशंटचं नाव रेशन कार्डात ऑनलाइन दिसतच नाही. हे पहिल्याच आठवड्यात तपासा, दुरुस्तीला वेळ जातो.
- योजनेची मंजुरी येण्याआधी केमो घेऊन टाकणे. ही कॅशलेस योजना आहे, आधी आपण भरू आणि मग परत घेऊ असं धरून चालू नका.
- योजनेत काय बसतं आणि काय बाहेरून आणावं लागेल ते आधीच लिहून घ्या. काही तपासण्या, काही महागडी इंजेक्शनं, घरी लागणारी पावडर हे खिशातून जाऊ शकतं.

बाहेरगावहून येणाऱ्यांसाठी, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, छिंदवाडा कुठूनही: रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाण्या-येण्याला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्याचा ठरलेला फॉर्म हॉस्पिटलमधून डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासकट घ्यावा लागतो, तो मागितल्याशिवाय कुणी स्वतःहून देत नाही.

४. केमोच्या आधी पोटाची सोय

आता मुख्य गोष्ट. या आजारात आधी पोळी अडकते, मग भात, मग नुसतं पातळ जातं आणि शेवटी पाणीसुद्धा. घरचे काय करतात, पोळी जात नाही तर दुधात कुस्करून, ते नाही जमलं तर चहा-बिस्कीट, आणि चहा-बिस्किटावर दोन-तीन आठवडे जातात. तेवढ्यात पाच-सात किलो उतरलेले असतात. महिन्यात ५ टक्क्यांहून जास्त किंवा सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन गेलं असेल तर ते गंभीर धरतात, म्हणजे ६० किलोचा माणूस महिन्यात ५७ च्या खाली आला की डॉक्टरांना लगेच सांगायचं.

किती पोटात जायला पाहिजे त्याचा साधा हिशोब असा: दर किलो वजनामागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन. ५० किलोचा माणूस असेल तर १२५० ते १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रोटीन. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात ६-७, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढंच. म्हणजे पातळ वरणाचं पाणी आणि मोसंबीचा ज्यूस यावर हा आकडा कधीच गाठता येत नाही हे तुमच्या लक्षात येईल. डाएटिशियनकडे पहिल्याच दिवशी नाव लावा, शेवटी नाही.

तोंडाने जात असेल तर: दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं, प्रत्येक गोष्टीत तूप, दूध पावडर, शेंगदाण्याची किंवा बदामाची बारीक पूड. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी मिक्सरमधून, दुधातलं नाचणी सत्त्व, ज्वारीची आंबील, दह्यात कुस्करलेला गुरगुट्या भात, कस्टर्ड, पूर्ण उकडलेलं अंडं दुधात मिक्सरमधून. घास लहान, बसून, आणि खाल्ल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही.

फक्त पातळच जातंय अशी अवस्था आली असेल तर पहिल्या केमोच्या आधीच डॉक्टरांना नळीबद्दल विचारा. प्रकार असे:

राईल्स ट्यूब नाकातून पोटात जाते, लवकर होते. रस्ता फार अरुंद असेल तर एंडोस्कोपी करून टाकतात. थोड्या आठवड्यांसाठी ठीक.

फीडिंग जेजुनोस्टॉमी, सगळे एफजेच म्हणतात, छोट्या ऑपरेशनने पोटावरून थेट लहान आतड्यात नळी. जास्त दिवस चालते, नाक मोकळं राहतं.

पेग म्हणजे पोटावरून जठरात नळी. पुढे अन्ननलिकेचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर बरेच सर्जन ही टाळतात, कारण त्या ऑपरेशनमध्ये जठर वर ओढूनच नवीन अन्ननलिका बनवतात. म्हणून पेगला हो म्हणायच्या आधी सर्जनचं मत घ्या.

स्टेंट म्हणजे गाठीच्या जागी जाळीची नळी बसवून रस्ता उघडणे. ऑपरेशन करायचं नसेल तिथे जास्त वापरतात. तोंडाने खाता येतं हा मोठा फायदा, पण छातीत दुखू शकतं, सरकू शकतो, आणि पोळी-भाजीचा मोठा घास अडकू शकतो.

"नळी लावली म्हणजे संपलं" असं लोक बोलतात, घरातलेच बोलतात. तसं नाही. नळी ही केमो पूर्ण व्हावी म्हणून असते, गाठ आकसली आणि गिळता यायला लागलं की ती काढतात.

एक धोका मात्र माहीत असू द्या. ज्याच्या पोटात आठ-दहा दिवस जवळपास काहीच गेलेलं नाही त्याला नळी लागल्याबरोबर एकदम पूर्ण खाणं द्यायचं नसतं. रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम झपकन खाली येऊ शकतं आणि त्याचा हृदयावर परिणाम होतो. हळूहळू काही दिवसांत वाढवतात, मधे रक्त तपासतात. प्रेमापोटी पहिल्याच दिवशी डबल फीड, म्हणजे नळीने द्यायचं पातळ खाणं, देऊ नका.

५. नळीने खाणं देण्याची पद्धत

हे मी नीट सांगते कारण हॉस्पिटलमध्ये सिस्टर एकदाच दाखवतात आणि घरी आल्यावर हात थरथरतात.

सोललेली मुगाची डाळ, तांदूळ, थोडं गाजर चांगलं मऊ शिजवा, मिक्सरमधून काढा, चाळणीने गाळा, मग सुती कापडातून पुन्हा गाळा. गाळलेलं थोडं दोन बोटांत चोळून पाहायचं, कण लागला की परत गाळायचं, कारण तोच कण उद्या नळीत अडकतो. त्यात तूप किंवा तेल, डाएटिशियनने सांगितलेली पावडर, आणि घट्टपणा ताकासारखा. एकदम गरम नाही, फ्रीजमधलं थंड नाही, कोमट.

पेशंटला टेकवून बसवा, डोकं-छाती ३० ते ४५ अंश तरी वर. आधी ३०-५० मिली पाणी. मग सिरिंजचा दट्ट्या काढायचा, नुसती सिरिंज नळीला लावायची, फीड ओतायचं आणि सिरिंज वर धरायची, ते आपल्या वजनाने उतरतं. दट्ट्या लावून जोरात ढकलायचं नाही. संपलं की पुन्हा पाणी, नळी बंद, आणि तासभर तसंच बसलेलं राहायचं.

राईल्स ट्यूबने साधारण २०० मिलीच्या आसपास दर दोन-तीन तासांनी देतात, पण एफजेचं वेगळं आहे, आतड्याला जठरासारखी साठवायची जागा नसते, म्हणून तिथे बाटली टांगून थेंब थेंब हळू द्यावं लागतं, घाई केली की पोटात कळा आणि जुलाब. तुमचा वेग आणि प्रमाण डिस्चार्जच्या कागदावर लिहूनच घ्या.

गोळ्या: पातळ औषध मिळतं का ते आधी विचारा. नाहीच मिळालं तर प्रत्येक गोळी वेगळी बारीक करून वेगळ्या पाण्यात, दोघांच्या मधे पाणी. सगळ्या एकत्र कुटून टाकल्या की नळी हमखास चोंदते. काही गोळ्या आणि कॅप्सूल कुटायच्याच नसतात, ते फार्मसीत विचारा.

नागपूरच्या उन्हाळ्यात बनवलेलं फीड ओट्यावर ठेवू नका, एका वेळचं काढून बाकी लगेच फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी टाकून द्या.

नळी निघाली तर: एफजे निघाली की ताबडतोब हॉस्पिटल, पोटावरचं छिद्र काही तासांतच आकसायला लागतं. राईल्स निघाली तर घरी कुणीही, कंपाउंडर ओळखीचा असला तरी, ती परत घालायची नाही, आत गाठ आहे.

६. कोणती केमो, किती वेळा

शेजारच्या बेडवरच्या पेशंटला पाच सलाईन आणि आपल्याला दोनच, असं होतं आणि घरचे घाबरतात. प्रकार आणि हेतू वेगळा की केमो वेगळी.

ऑपरेशनच्या आधी केमो आणि शेक सोबत असेल तर बऱ्याच ठिकाणी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन आठवड्यातून एकदा, पाच आठवडे, आणि सोबत २३ दिवस शेक अशी पद्धत वापरतात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांचा याचा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला, त्याला क्रॉस म्हणतात. ऑपरेशन करायचं नसेल आणि केमो-शेकनेच बरं करायचं असेल तर शेकचे दिवस वाढतात, साधारण २५ ते २८. अडेनोमध्ये फ्लॉट नावाची चार औषधांची केमो देतात, दर दोन आठवड्यांनी, चार ऑपरेशनच्या आधी आणि चार नंतर. ही जड आहे, पेशंटची तब्येत पाहूनच देतात. सिस्प्लॅटिन आणि फाइव्ह-एफयू ही जुनी जोडी अजूनही चालते, त्यात फाइव्ह-एफयू चार-चार दिवस सलग चालू शकतं. पसरलेल्या आजारात इम्युनोथेरपीचं नाव ऐकाल, ती महाग असते आणि सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, त्यासाठी पीडी-एल-वन ही तपासणी करतात. कर्ज काढायच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारा की आमच्या पेशंटला यातून काय मिळण्याची शक्यता आहे.

हाताच्या शिरा मिळत नसतील तर केमो पोर्ट किंवा पिक लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत बरेच दिवस राहणारी बारीक नळी, टाकतात. त्यानंतर ती चोंदू नये म्हणून हॉस्पिटलमध्ये वेळेवर फ्लश करावी, म्हणजे धुवून घ्यावी लागते, तारीख वहीत.

७. केमोच्या दिवशी

आदल्या दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), किडनी, लिव्हरचे रिपोर्ट. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी आल्या तर केमो पुढे ढकलतात. त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही, ती काळजीच आहे. वजन आणि उंची त्या दिवशी मोजायला लावा, बऱ्याच औषधांचा डोस त्यावर निघतो, वजन उतरलेलं असताना जुनंच लिहिलं गेलं तर डोस चुकतो.

सकाळी हलकं खाऊन किंवा फीड देऊन जा, उपाशी नेऊ नका. सैल बाहीचा शर्ट, चादर, पाणी, फीडचं सामान. आधी उलटीची, ॲलर्जीची इंजेक्शनं आणि स्टेरॉइड देतात, मग मुख्य औषध. स्टेरॉइडने शुगर वाढते, डायबेटिस असेल तर सिस्टरला पुन्हा आठवण करा. उचकीसुद्धा लागते कधी कधी तासन्‌तास, तिला औषध असतं, सांगा.

सलाईन सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं जवळच बसा, मोबाइल बाजूला. चेहरा लाल होणं, छाती आवळणं, दम लागणं, पाठ दुखणं यातलं काही झालं की लगेच सिस्टरला हाक मारा, पॅक्लिटॅक्सेलमध्ये हे सुरुवातीलाच होऊ शकतं. सुईच्या जागी आग होत असेल किंवा सूज दिसली तर "थोडं सहन करा" म्हणायचं नाही, औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जळू शकते. फाइव्ह-एफयू चालू असताना छातीत दुखलं तर तेही तत्काळ सांगायचं.

८. घरी आल्यावर

उलटी: गोळ्या उलटी व्हायच्या आधी, ठरलेल्या वेळेला द्यायच्या. झाल्यावर देऊन उपयोग कमी. तीन दिवसांचा ॲप्रेपिटंटचा कोर्स दिला असेल तर तिसरा दिवस "आता बरं वाटतंय" म्हणून सोडू नका. काही उलटीच्या गोळ्यांनी संडास कडक होते, त्याचं औषध सोबतच मागून घ्या.

तोंड: ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, आणि पाणी थुंकून टाकायचं. नळी असली, तोंडाने काही जात नसलं तरी तोंड साफ ठेवायचं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस संत्री घेऊन येतो, आपल्या गावची रीतच ती, पण तोंड आलेलं असताना आंबट फार झोंबतं. त्यांना सांगा, अंडी आणा, पनीर आणा.

पाणी: सिस्प्लॅटिन किडनीवर जड असते, म्हणून पाणी कमी पडू देऊ नका. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना तर अजिबात नाही. लघवी गडद पिवळी किंवा फार कमी झाली, उठल्यावर चक्कर आली तर हॉस्पिटलला फोन, सलाईन लागू शकते. कानात आवाज येत असेल तर तेही सांगायचं.

थंड: ऑक्सॅलिप्लॅटिन असलेल्या केमोत पहिले काही दिवस थंड अजिबात चालत नाही, हाताला मुंग्या येतात, घशात आवळल्यासारखं होतं. फ्रीज उघडायला लावू नका, कूलरची हवा थेट अंगावर नको, माठातलं पाणीसुद्धा नको, साधं कोमट.

हाता-पायाला बधिरपणा आला, शर्टाची बटणं लावता येत नाहीत असं झालं तर पुढच्या केमोच्या आधी डॉक्टरांना नक्की सांगा, डोस कमी करता येतो. बाबा हे सांगायचेच नाहीत, मी रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून बटणं लावताना पाहायची, त्यावरून कळलं.

पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तर ते २ ते ८ अंशात ठेवायचं, मेडिकल स्टोअरमधून बर्फाच्या डब्यात आणायचं पण फ्रीजरमध्ये घालायचं नाही. ते घेतल्यावर कंबर, हाडं दुखतात.

९. ताप: यात थांबायचं नाही

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. या काळात थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा वर दिसलं, किंवा थंडी वाजून हुडहुडी भरली, की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. सकाळपर्यंत थांबू नका. आधी पॅरासिटामॉल देऊन पाहू असं करू नका, ताप दबतो पण इन्फेक्शन आत वाढत राहतं. जवळच्या दवाखान्यातून साधी अँटिबायोटिकची गोळी घेऊन घरी येणं हा सगळ्यात मोठा सापळा आहे.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: "केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली, ताप इतका आहे." शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला पाहिजे असा नियम असतो. आम्हाला एका ठिकाणी नेहमीच्या तापाच्या रांगेत बसवलं होतं, तेव्हा फाइल उघडून केमोची तारीख दाखवल्यावरच आत घेतलं. म्हणून केमोचा शेवटचा कागद फाइलच्या सगळ्यात वर ठेवा.

या गोष्टींसाठीही लगेच निघायचं: रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी संडास, दिवसभर काहीच न टिकणं, श्वास लागणं, आणि प्रत्येक घोटाला ठसका. हा शेवटचा मुद्दा लोक सर्दी समजून सोडतात. अन्ननलिका आणि श्वासनलिकेच्या मधे छिद्र पडलेलं असू शकतं, मग पाणी-अन्न फुप्फुसात जातं. असं वाटलं की तोंडाने देणं थांबवा आणि दाखवा.

१०. खर्रा, जडीबुटी आणि बोलणारे लोक

खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, बंद म्हणजे बंद. "आता काय फरक पडतो" असं म्हणणारे मित्र पानठेल्यावर भेटतातच. फरक पडतो, तोंडाच्या जखमा भरत नाहीत, शेकचा त्रास वाढतो, ऑपरेशननंतर फुप्फुसाचे त्रास जास्त होतात. एकट्याने सुटत नसेल तर डॉक्टरांना सांगा, निकोटिनचा पर्याय असतो.

मध्यप्रदेशात कुठेतरी जडीबुटी मिळते, केमो करायचीच गरज नाही असं सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक घरी येतो. तो मनाने वाईट नसतो. पण बऱ्या होऊ शकणाऱ्या गाठीचे दोन-तीन महिने त्यात गेले की ऑपरेशनची वेळ निघून जाते. केमोसोबत गुळवेल किंवा कुठलाही काढा डॉक्टरांना न सांगता देऊ नका, लिव्हर आधीच औषधं पचवत असतं.

आणि "काहून एवढे बारीक झाले भाऊ?" असं पेशंटच्या तोंडावर विचारणाऱ्यांना दारातच थोपवा. त्या एका वाक्यानंतर बाबांचं संध्याकाळचं खाणं निम्म्यावर यायचं.

११. दुखणं

दुखणं सहन करत बसू नका. मॉर्फिनच्या गोळ्या कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरच्या देखरेखीखाली सुरक्षितपणे देता येतात, सवय लागेल या भीतीने माणसाला रात्र-रात्र जागं ठेवू नका. मॉर्फिनसोबत संडासचं औषध रोज लागतंच. पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी असेल तर तिथे पहिल्यापासून नाव घाला. ती फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसते, दुखणं, उलटी, झोप, मनाचा त्रास, सगळं तिथे पाहतात.

१२. केमो संपल्यावर

लगेच नळी काढायची घाई नको. शेक संपल्यावरही दोन-तीन आठवडे गिळताना जास्तच दुखू शकतं, आणि लोकांना वाटतं उपचार फसला. ती आतली सूज असते, हळूहळू उतरते. स्कॅन आणि एंडोस्कोपी पुन्हा होते, ऑपरेशन ठरलेलं असेल तर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी होतं, आणि ते आठवडे फक्त वजन, चालणं आणि श्वासाचा व्यायाम यासाठी वापरा. तीन बॉलवालं खेळणं देतात ना श्वास ओढायचं, ते कपाटात न ठेवता उशीजवळ ठेवा.

तोंडाने पोट भरेल एवढं खाता यायला लागलं, आणि नळीतून काही न देता दोन आठवडे वजन टिकलं, की मग वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि नळी काढायचं विचारा.